थोरल्यांचं नाव

उच-तुर्फान
मोहरम, दुसरा शुक्रवार

बुरुलताई,

आम्ही पोचलो. हे वाक्य मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलंय. कुरणावर चुलीच्या राखेत मी तुला बोटाने गिरवायला शिकवली होती तशीच ही अक्षरं आहेत. बाकीचं सावकाश वाच. कुठे अडलीस तर पत्र भावाच्या हातात देऊ नकोस, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू कर. तू तशीच शिकलीस.

वडिलांच्या वर्षाच्या जेवणाला तू माहेरी तलासला गेलीस आणि इकडे सगळं उलटंपालटं झालं. तुमच्याकडेही बातमी आली असेल. पादशहाच्या लढाईसाठी खंदक खणायला आपली माणसं हवीत म्हणून हुकूम निघाला, पोरांनी तो मानला नाही, तारेचे खांब पाडले. मग तोफा आल्या. टपालाच्या रस्त्यावर आमच्या ह्यांना गोळी लागली. मला तोंड पाहायला मिळालं, एवढं तरी झालं. माती द्यायला थोरले दीर होते.

दुसऱ्या दिवशी अख्खं खोरं उठलं आणि बेदेलच्या खिंडीतून सरहद्दीपलीकडे निघालं. राहुट्या तशाच उभ्या राहिल्या. चुलीवरचं दूधसुद्धा कुणी उतरवलं नाही.

तुझी चिनार माझ्यापाशी आहे. खोकला होता म्हणून तू तिला मागे ठेवलीस, तो खोकला गेला. डाव्या पायाची बोटं गारठून काळी पडली होती, ती मेंढीच्या चरबीने चोळून चोळून परत आणली. बडबड तशीच चालू आहे. सासूबाईंचे डोळे आता अगदीच गेले, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. जीभ मात्र शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही.

थोरल्यांची काळजी करू नकोस.

हे पत्र अंदिजानचा कापडवाला उमरझाक काशगरवरून आणि ओशवरून पाठवतो आहे. उत्तर त्याच्याच माणसाकडे दे.

तुझी
कालिचा


उच-तुर्फान
सफर, पहिला शुक्रवार

बुरुलताई,

उत्तराची वाट न पाहता लिहिते आहे. उमरझाकचा दुसरा काफिला निघतोय.

मला काम मिळालं आहे. इथल्या एका पीठवाल्याच्या घरी लाकडं फोडायची आणि पाणी भरायचं. मालकिणीचं नाव आयशमखान. बाई वाईट नाही, फक्त एकदा बोलायला लागली की थांबत नाही. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर माझी फजिती झाली. लाकडं फोडायचं हत्यार तिला मागायचं कसं? थोरल्यांच्या नावात तेच बसलेलं आणि इथल्या बोलीतही त्याला जवळजवळ तसंच म्हणतात. मी म्हटलं, "ती तोडणारी द्या."

"कोण तोडणारी?"

"लाकूड तोडणारी. दांडा असलेली."

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगं, नाव नाही का तिला? तुम्हा डोंगरातल्या बायकांना शब्द मोजून मिळतात का?"

चिनार माझ्यामागे उभी होती. तिने खणखणीत आवाजात तो शब्द उच्चारला आणि वर म्हणाली, "काकू घेत नाही ते नाव. माझ्या बाबांचं आहे." आयशमखान हसून हसून पायरीवर बसली. आता रोज सकाळी तेच चालतं. मला बघितलं की म्हणते, "आली का तोडणारीची सवत?"

तुला तरी ही नावं टाळणं किती जड गेलं होतं सुरुवातीला. सासऱ्यांच्या नावात मेंढा, चुलतसासऱ्यांच्या नावात लोखंड, आणि मी आल्यावर तुझी केवढी सुटका, कारण चुकायला एक नवीन सून मिळाली. माझ्या तोंडून एकदा अर्धा शब्द निसटला तेव्हा सासूबाईंनी पळी मारली होती. तू रात्रभर माझ्या मनगटावर लोणी लावत बसलीस आणि हसत होतीस.

इथे आपली माणसं शहराच्या भिंतीबाहेर उघड्यावर पडली आहेत. जनावरं विकून झाली, आता भांडी आणि खोगिरं विकतात. शेजारच्या सरीकेमच्या सुनेने धाकटी मुलगी भटारखान्यात देऊन टाकली. आयशमखानने मलाही विचारलं, "ही पोर मला दे. पोटभर खाईल, अंगभर लेईल. तू काय देणार आहेस तिला?" मी म्हटलं, ही माझी नाही, हिची आई आहे. ती म्हणाली, "मग आई कुठंय? बाप कुठंय?" मी लाकडं फोडत राहिले.

थोरले घोड्यांच्या मागे अजून वरच आहेत. खाली यायला उशीर होईल.

चिनारचं काहीतरी विचारणं चालू असतं. काल म्हणाली, "काकू, तू तेव्हा तोंड उघडून काय करत होतीस?" मी सांगितलं, थंडीने जांभया येत होत्या. मुलं काहीही लक्षात ठेवतात.

सासूबाई तुला आशीर्वाद सांगतात.

कालिचा


उच-तुर्फान
रबिलावल, शेवटचा शुक्रवार

बुरुलताई,

तुझं पत्र मिळालं. आठ ओळींचं. अक्षरं इतकी दाबून लिहिली आहेस की कागद मागून उठलाय.

तू विचारतेस, थोरल्यांनी स्वतः दोन शब्द का पाठवले नाहीत. विचारतेस, माझे हे गेले, घर मोडलं, तर आता कुणाच्या उंबऱ्याआत राहते मी. "रीत मलाही ठाऊक आहे," असं लिहिलं आहेस. "मेलेल्या धाकट्याची बायको थोरल्याच्या घरात जाते. पण निदान वर्ष तरी सरू द्यायचं होतंत." आणि शेवटी ती ओळ: "तुला मी म्हटलं होतं, कालिचा."

म्हटलं होतंस. वरच्या कुरणावर, लोकर कुटताना. शेजारच्या राहुटीत नुकतीच विधवा झालेली धाकटी जाऊ सवत म्हणून आली होती, त्यावरून विषय निघाला. तू कोपरापर्यंत ओली होतीस. म्हणालीस, "तुझ्याशी सगळं वाटून घेईन. मीठ घे, दूध घे, माझं पोर मांडीवर घे. गोधडी मात्र नाही हं." मी म्हटलं, "तुमच्या गोधडीत पिसवा आहेत, मला नकोच." आपण इतक्या हसलो की काठ्या खाली पडल्या.

उत्तर काय देऊ? तीनदा लिहायला बसले. तिन्ही कागद चुलीत गेले.

थोरले बरे आहेत. त्यांनी सलाम सांगितला आहे. कामात असतात म्हणून लिहीत नाहीत, आणि त्यांचं अक्षर तुला माहीत आहे. बाकी तू जे समजलीस त्याबद्दल मी काही बोलत नाही. रागव माझ्यावर. तुला तेवढा अधिकार आहे.

चिनारला नवीन दात आला. बोलताना तिथून फुंकर येते.

कालिचा


उच-तुर्फान
जमादिलावल, शेवटचा शुक्रवार

बुरुलताई,

उमरझाकच्या माणसाने काल गाठोडं आणून टाकलं. म्हणाला, "तलासच्या बाईने ओशपर्यंत उंटाचं वेगळं भाडं देऊन पाठवलंय. जपून आणायला सांगितलं होतं. काय आहे यात, सोनं?"

चिनारने गाठ सोडली. गोधडी होती. एवढी मोठी की आमच्या खोलीत पूर्ण उलगडता येईना, कडा भिंतीवर चढली. लाल तुकडे मी ओळखले, तुझ्या लग्नातल्या सदऱ्याचे आहेत. पिवळे तुझ्या आईच्या ओढणीचे असणार.

चिठ्ठी आत शिवलेली होती. "रडून झालं. भाऊ म्हणाला तलाक माग, मी म्हटलं कशासाठी? ती विधवा झाली, तिचं तरी कोण आहे? जीव वाचले तेवढे पुष्कळ. ही तिघांना पुरेल, मी मापून बघितली. मेंढ्या व्याल्या की भावाचा घोडा घेऊन निघते. आधी आपल्या हिवाळी ठाण्यावर जाऊन बघते काय उरलंय, मग तुमच्याच वाटेने बेदेलवरून येते. तोवर चिनारला माझा चेहरा विसरू देऊ नकोस."

ताई, येऊ नकोस. आपल्या ठाण्यावर आता बंदुकवाली माणसं राहतात, आपला चेहरा दिसला की गोळी घालतात. आणि बेदेलच्या वाटेवर जे आहे ते तू एकटीने बघू नयेस. थांब. हे पत्र तुला मेंढ्या व्यायच्या आधी मिळावं म्हणून मी उमरझाकच्या पाया पडले आहे. ज्याच्यासाठी तू निघणार आहेस तो माणूस इथे नाही.

बाल्ताबाय गेले.

लिहिलं. तुझ्या नवऱ्याचं, माझ्या थोरल्या दिरांचं नाव बाल्ताबाय, आणि ते बेदेलच्या खिंडीत, माथ्याच्या अलीकडे, डावीकडच्या उतारावर बर्फात गेले. मोहरम लागायच्या आधीच. माझ्या पहिल्या पत्राच्याही आधी.

सगळं सांगते. मध्ये थांबून पाणी पी, पण शेवटपर्यंत वाच.

आदल्या दिवशी आम्ही दगडांच्या आडोशाला सातूचं पीठ बर्फात कालवून खात होतो. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं, बाल्ताबायही होते. त्या म्हणाल्या, "जिवंत आहोत तोवर बोलून घेते. वर्ष सरलं की कालिचा तुझ्या घरात येईल. आपल्यात बाईमाणूस घराण्याबाहेर जात नाही. बुरुल शहाणी आहे, ती समजून घेईल." बाल्ताबायांनी आपला कंबरपट्टा घट्ट केला आणि माझ्याकडे एकदा बघितलं. वाईट नजर नव्हती ती. नवीन घोडं आपल्याकडे येणार असं कळल्यावर माणूस बघतो, तेवढंच. रात्रभर मला ते बघणं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी माथ्याजवळ धुकं आणि बर्फ. माणसं, बैल, मेंढरं एकाच चिंचोळ्या वाटेत कोंबलेली. मागून सैनिक येतायत असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळे पुढच्यांच्या अंगावर चढायचे. पुढून वाटाड्याचा निरोप तोंडातोंडी मागे येत होता, "उजवीकडे धरा, डावीकडचं बर्फ पोकळ आहे." तो माझ्यापर्यंत आला. मी मागच्या म्हाताऱ्याला सांगितला. मग वर बघितलं तर धुकं जरा विरळ झालं होतं आणि बाल्ताबाय गर्दीतून बाहेर पडून डावीकडच्या मोकळ्या उतारावर घोडा घालत होते. पुढ्यात चिनार, तिची लाल टोपी. रिकामी जागा दिसली म्हणून गेले. निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. दोन दोर टाकले असते तर पोचले असते, एवढ्या अंतरावर ते होते.

मी "अहो" अशी हाक मारली. तिथे सगळेच "अहो" आणि "अरे" ओरडत होते. कोण वळणार? अशा गोंधळात माणूस फक्त स्वतःच्या नावाला वळतो. नाव माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलं. आणि ते बाहेर आलं नाही.

इथवर लिहून थांबावं असं फार वाटतंय. तू म्हणशील, रीतच तशी, सून थोरल्या दिराचं नाव कसं घेणार, बिचारी. आपल्यातली कुठलीही बाई हेच म्हणेल. पाच महिने मी स्वतःला हेच सांगत आले.

पण सासूबाई माझ्या शेजारी बैलावर बसल्या होत्या, लोकरीचा नमदा पांघरून. हात लांबवला तर त्यांचा गुडघा लागत होता. त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मी नुसतं म्हटलं असतं, "तुमचा मुलगा डावीकडे चाललाय," तर त्यांनी हाक मारली असती. आईला मुलाचं नाव घ्यायला कसली बंदी? आणि त्यांचा आवाज तुला माहीत आहे, डोंगराच्या पलीकडची गुरं परत यायची.

आणि चिनार होती. चिनारचं नाव घ्यायला तर मला कुणाचीच आडकाठी नव्हती. दिवसातून शंभरदा घेते.

मी उघडं तोंड घेऊन उभी राहिले. डोक्यात एकच होतं, कालचं ते बघणं. "हे पुढे गेले तर," एवढाच अर्धा विचार होता. पुढचा अर्धा मी केला नाही, शपथ घेऊन सांगते. पण पहिला अर्धा केला. तुझ्या गोधडीसाठी गप्प राहिले असं म्हणाले तर ते खोटं होईल. तू तेव्हा माझ्या मनातही नव्हतीस.

मग बर्फ बसलं. आवाजही फार झाला नाही. घोड्याचे मागचे पाय खाली गेले, आणि त्यांनी चिनारला दोन्ही हातांनी उचलून पोतं फेकावं तशी काठाकडे फेकली. ती पडली ती थेट माझ्याकडे तोंड करून. म्हणून तिने मला बघितलं. त्यानंतर तो उतारच तिथे राहिला नाही. माणसांनी दोर सोडले, आवाज दिले. खालून काही आलं नाही. आणि मागून पुन्हा ओरडा झाला, सैनिक, सैनिक.

तुला मी काय काय लिहिलं, ते आता पुन्हा वाचू नकोस. "घोड्यांच्या मागे आहेत," "सलाम सांगितला आहे." तू माझ्यावर संशय घेतलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, ही मला सवत समजते तोवर हिचा नवरा जिवंत आहे. माझं नाव खराब होईल, होऊ दे. त्यात मी मोठी त्यागी असल्यासारखं मला वाटायचं. मग तू ही गोधडी पाठवलीस. मी जे केलं नाही त्याची माफी दिलीस, आणि जे केलं त्याची मागायचीही सोय ठेवली नाहीस.

आता कामाचं. चिनारला मी कुणाला दिलेलं नाही, देणार नाही. काशगरची वाट उघडली की उमरझाकच्या काफिल्याबरोबर आम्ही तिघी ओशला येऊ. तुझा भाऊ तिथे आला तर चिनारला आणि सासूबाईंना त्याच्या हवाली करीन. मी तलासला यावं की नाही ते तू सांग. नको म्हणालीस तर मी ओशलाच कुणाच्या तरी घरी पाणी भरीन. तू आता काळं नेसून भिंतीकडे तोंड करून बसशील, शोक गाशील. गाण्यात त्यांनी चिनारला कसं फेकलं ते घाल. ते त्यांनी केलं, आणि ते बघणारी मी आहे.

आज सकाळी आयशमखान नेहमीसारखी दारात उभी होती. "काय गं, तोडणारी हवी?" मी म्हटलं, "बाल्ता द्या." तिने कुऱ्हाड आणून दिली आणि आत गेली. आज तिने चेष्टा केली नाही.

पत्र बंद करण्याआधी मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. सगळं, एक शब्दही न गाळता. आपल्या मुलाला देवाने नेलं असंच त्या समजून होत्या. मी नाव वाचलं तेव्हा वाटलं, आता पळी येईल. त्या हलल्या नाहीत. गोधडी त्यांच्या अंगावर होती, शिवणीवरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "मला दिसत नव्हतं, कालिचा. ऐकू तर येत होतं. सांगायचं होतंस."

दुपारी मी चहा ओतला आणि वाटी त्यांच्यासमोर धरली. हात पुढे यायला वेळ लागला, पण आला. तू माझ्या हातचा घेशील का, ते मला माहीत नाही.

कालिचा